ओम्नीचा गंजका तळ: पत्रा की फायबर?

रत्नागिरीहून मावसभावाचा फोन: जुन्या मारुती ओम्नी व्हॅनमध्ये पायाखालून रस्ता दिसतोय, पत्रा ठोकू की फायबर (रेझिनमध्ये भिजवलेलं काचतंतूंचं कापड) लावू?

आधी मॅट काढून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचं. दिसणाऱ्या भोकाभोवती बराच पत्रा कुजलेला निघतो. सीटचे बोल्ट, सीटबेल्टची पकड किंवा खालची चॅसी (गाडीचा सांगाडा) पोखरली असेल तर दोन्ही उपाय बाद. तिथे वेल्डिंगच.

खर्चाला दोन्ही स्वस्त. रिव्हेट गन आणि ड्रिल हाताशी असेल तर पत्रा अधिकच स्वस्त.

मेहनत मात्र वेगळी. साधारण १ मिलिमीटर जाडीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा कापून, सीलंट भरून रिव्हेट मारले की काम झालं. ॲल्युमिनियमचा तुकडा नको. खाऱ्या ओलाव्यात लोखंडाला चिकटून तो स्वतःच कुजतो. फायबरला चकचकीत लोखंड लागतं, म्हणजे ग्राइंडरने तासन्‌तास घासणं. गंजावर रेझिन ओतलं तर पापुद्र्यासारखं सुटतं, आणि आत अडकलेलं पाणी गुपचूप पत्रा खात राहतं. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये. वासही डोक्यात जातो, दारं उघडी हवीत.

टिकायला? पत्रा भार पेलतो, पण रिव्हेटच्या भोकांतून गंज परत शिरतो. वरून-खालून प्राइमर आणि अंडरकोटिंग (तळाला लावायचा गंजरोधक थर) हवंच. फायबर गंजत नाही, पण मोठ्या भोकावर पायाखाली लवतं, कडेने तडकतं.

पाय पडतो तिथे, किंवा तळहाताएवढं भोक असेल तर पत्रा. कोपऱ्यातली, वाकड्यातिकड्या जागेतली बारीक भोकं असतील तर फायबर. भावाला पत्राच सांगितला.