वऱ्हाड निघालंय लंडनला – इतक्या वर्षांनी परत बघितलं

लहानपणी हे एकपात्री नाटक आमच्याकडे कॅसेटवर होतं. परभणीला मामाच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री गच्चीवर टेप लावायचे, सगळी पोरं अंथरुणावर पडून ऐकायची, आणि एक बाजू संपून खट्ट झालं की पालटायला कोण उठणार यावरून भांडणं. मागच्या रविवारी आईसोबत परत पूर्ण बघितलं, यावेळी टीव्हीवर यूट्यूब लावून.

खरं सांगते, नुसतं ऐकण्यापेक्षा बघण्यात दुप्पट मजा आहे. प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटे आणि पात्रं 52! म्हातारी बोलत असते, खांदे पडलेले, मान जरा हलती, आणि तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत तेच खांदे वर जातात, आवाज चढतो न् समोर भलताच माणूस उभा. ना मेकअप ना कपडे बदलणं. मी तो तुकडा मागं घेऊन तीनदा बघितला तरी नेमकं कुठल्या क्षणी बदलले ते सापडलं नाही.

गोष्ट माहितीच असेल, मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड विमानानं लंडनला लग्नाला निघतं. लहानपणी विमानातल्या गोंधळावरच हसायचो. आता मला सगळ्यात जास्त आवडली ती भाषा. मी पुण्यात शिकायला आले तेव्हा "काय करूलालीस" असं तोंडातून गेलं की होस्टेलवर पोरी हसायच्या, मग मी तसं बोलणंच सोडलं होतं. आणि या माणसानं 1979 पासून तीच बोली जशीच्या तशी स्टेजवर नेली, देशात-परदेशात प्रयोग केले, गिनीज बुकात नाव गेलं. गावची माणसं अडाणी दाखवली म्हणून कुठं बोचत नाही, कारण करणाऱ्याचा त्यांच्यावर जीव आहे हे दिसतं.

मधला भाग थोडा लांबलाय, तिथं एक चहा होतो. आम्ही बघितलेल्या रेकॉर्डिंगचा आवाज मधेच बारीक व्हायचा, हेडफोन लावले तर बरं पडेल. देशपांडे सर 2009 ला गेले, पुढं अभिनेता संदीप पाठकनं प्रयोग सुरू केले, तोही मराठवाड्यातलाच, बीड जिल्ह्यातला, त्याचा थिएटरात जाऊन बघायचाय.

पाचपैकी पाच. पोरांना घेऊन बसा, शब्द अडले तर सांगत बसा. माझी आई तर हसता हसता माझ्याशी परभणीसारखंच बोलायला लागली, आणि मी पण.