फाओचं फिशस्टॅट-जे वापरून बघितलं: ४/५, पण ग्रुप ५७ जपून!

बडोद्यात आमचं फ्रोझन मासळीचं काम आहे, आणि स्क्विड रिंग्जचा भाव चढला की वरच्या व्यापाऱ्याचं उत्तर ठरलेलं, "भाऊ, जगातच माल कमी झालाय". म्हटलं बघू तरी खरंच झालाय का. म्हणून फाओचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचं, फिशस्टॅट-जे हे मासेमारीच्या आकड्यांचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. एकदम फुकट, १९५० पासूनची पकड देशवार, जातवार, समुद्रवार टनांत. डेटाची फाईल वेगळी आणून आत भरावी लागते आणि दिसायला जरा जुनाट आहे, पण फिल्टर जमले की मग सुटतोच आपण.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. जातींच्या यादीतला ग्रुप ५७ निवडला की स्क्विडबरोबर कटलफिश आणि ऑक्टोपसही येतात, या सगळ्यांची मिळून पकड २०१४ मध्ये ४९ लाख टन होती आणि २०१७-१८ ला ३६ लाखांच्या आसपास आली, हा आकडा नुसत्या स्क्विडचा नाही हो. त्यात समुद्रक्षेत्रांमध्येपण एक ५७ आहेच, तो पूर्व हिंदी महासागर, आपलं वेरावळ बंदर पडतं ५१ मध्ये, म्हणजे पश्चिम हिंदी महासागरात! नुसता स्क्विड हवा तर जाती एकेक निवडा, पेरूकडचा जंबो, अर्जेंटिनाचा इलेक्स, जपानकडचा वगैरे. तरी 'इतर स्क्विड' असा एक गठ्ठा उरतोच, कारण सगळे देश जात लिहून पाठवत नाहीत.

वजन अख्ख्या जिवंत प्राण्याचं धरलेलं असतं. आपल्या पाकिटातली ट्यूब म्हणजे डोकं, शाईची पिशवी, कातडं सगळं काढलेलं, त्यामुळे निर्यातीच्या किलोंशी थेट जुळवायला जाऊ नका. आणि स्क्विड जगतो जेमतेम वर्षभर, म्हणून पकड दरवर्षी वरखाली होते, एका वर्षाच्या खड्ड्यावरून माल संपला म्हणणं चूक.

एक स्टार कापला कारण आकडे वर्ष-दोन वर्षं मागे असतात, आजच्या भावाला उपयोग शून्य. शिवाय कळवलेलीच पकड दिसते. उत्तर कोरियाच्या पाण्यात २०१७-१८ मध्ये चिनी बोटींनी चोरून १.६ लाख टनांवर स्क्विड नेल्याचा अंदाज २०२० च्या अभ्यासात निघाला, तो उपग्रहांवरून. स्क्विडच्या बोटी रात्री इतके झगझगीत दिवे लावतात की वरून दिसतात. मासेमारी बोटींवर नजर ठेवणाऱ्या ग्लोबल फिशिंग वॉच या साइटचा नकाशा तेवढ्यासाठी शेजारच्या टॅबमध्ये उघडा ठेवा, तोही फुकट आहे, फक्त त्यात बोटी दिसतात, टन नाही.