केमिकल इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.च्या नावाखाली गेलेले ४,६२,००० रुपये

एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात मी गेली अनेक वर्षे केमिकल इंजिनिअरिंग शिकवते आहे. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. लागते, आणि ती नसेल तर एम.ई. झालेला शिक्षक निवृत्तीपर्यंत सहायक प्राध्यापकच राहतो, हे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), पवईची आयआयटी किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथे पूर्णवेळ संशोधन करायचे तर नोकरी सोडावी लागली असती. क्यूआयपी या शिक्षकांना उच्च शिक्षणासाठी पाठवणाऱ्या योजनेतून जाण्यासाठी महाविद्यालयाने सोडायला हवे होते आणि व्यवस्थापनाने त्याला स्पष्ट नकार दिला. घरी गृहकर्जाचे हप्ते चालू होते, सासूबाईंचे डायलिसिस चालू होते. अशा वेळी पुण्यातल्या एका सल्लागार संस्थेने परराज्यातील एका खासगी विद्यापीठाची अर्धवेळ पीएच.डी. समोर ठेवली. विद्यापीठ यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत आहे, याची खात्री मी त्याच दिवशी करून घेतली. ‘इतकी शिकलेली बाई फसलीच कशी’ असे विचारणाऱ्यांनी एवढे आधी लक्षात घ्यावे.

विद्यापीठ खरे होते, पण माझा प्रवेश खरा नव्हता. ही टोळी बनावट विद्यापीठ काढण्याच्या भानगडीत पडत नाही. ती खऱ्या विद्यापीठाचे नाव, बोधचिन्ह आणि पावतीचा नमुना वापरते. त्यामुळे केवळ यादीत नाव पाहून समाधान मानू नका. विद्यापीठाच्या कुलसचिवांना स्वतः पत्र पाठवून आपला नोंदणी क्रमांक लेखी तपासून घ्या, आणि तोही पहिला रुपया देण्याआधी.

जानेवारी २०२३ मध्ये नोंदणी आणि प्रवेश परीक्षेचे म्हणून ३५,००० रुपये घेतले गेले. वार्षिक शुल्क ८५,००० रुपये होते. दोन वर्षांचे मिळून १,७०,००० झाले. पैसे विद्यापीठाच्या नव्हे, तर सल्लागार संस्थेच्या खात्यात भरायचे होते, कारण ‘आम्ही अधिकृत समन्वय केंद्र आहोत’ असे पत्र त्यांनी दाखवले. दोन वर्षांत पदवी मिळेल असेही सांगितले. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षांची अट आहे, याकडे मी त्यांचे लक्ष वेधले होते. एम.ई.चे क्रेडिट वर्ग होतात, असे उत्तर मिळाले आणि ते लेखी मिळाले, म्हणून मी ते मानले. गाईड म्हणून नेमलेल्या गृहस्थांकडे वीसहून अधिक विद्यार्थी असल्याचे तेच अभिमानाने सांगत. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडेसुद्धा एका वेळी आठच संशोधक असू शकतात. शिवाय ते त्या विद्यापीठाचे कायम शिक्षक नव्हतेच, हे मला नंतर कळले.

आता ज्या दिवसाचा विचार आला की आजही माझी झोप उडते, त्याबद्दल सांगते. माझा विषय कॅटायन विनिमय रेझिन या घन उत्प्रेरकावर ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉल यांचे एस्टरीकरण, म्हणजे त्यांच्यापासून एस्टर आणि पाणी तयार करणे, हा होता. प्रयोगांची आखणी सर्वस्वी माझी होती. आमच्या महाविद्यालयातला गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातील घटकांचे प्रमाण मोजणारे यंत्र) बंद पडलेला असल्यामुळे प्रयोग आणि विश्लेषण ‘संलग्न प्रयोगशाळेत’ करून देण्याचे ठरले आणि त्यासाठी १,२५,००० रुपये घेतले गेले. एप्रिल २०२४ मध्ये आकड्यांची एक्सेल फाइल आली. बंद फ्लास्क, ७० अंश सेल्सिअस, दोन्ही अभिकारके समान मोल, पाणी काढण्याची कोणतीही सोय नाही, आणि रूपांतरण, म्हणजे आम्लाचा एस्टर झालेला वाटा, मात्र ९३.४ टक्के. अभिक्रिया कुठे थांबते ते ठरवणारा समतोल स्थिरांक इथे साधारण ४ असतो; त्याचे वर्गमूळ २, म्हणजे एस्टर झालेला भाग उरलेल्याच्या दुप्पट, म्हणून रूपांतरण दोन तृतीयांशावर, म्हणजे सुमारे ६७ टक्क्यांवर थांबते, आणि उत्प्रेरक कितीही चांगला असला तरी तो समतोल लवकर गाठून देतो, समतोल हलवत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे गणित मी स्वतः फळ्यावर करून दाखवते. तो आकडा मी पाहिला, त्याखाली पेन्सिलने रेघ मारली, आणि गाईडना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, रेझिन पाणी शोषून घेते, म्हणून समतोल पुढे सरकतो.’ सुके रेझिन थोडे पाणी धरते हे खरेच आहे, म्हणून उत्तर अगदी निराधार वाटले नाही. पण इतके पाणी धरायला रेझिन किती लागेल, हा हिशेब पाच मिनिटांचा होता. तोवर माझे ३,३०,००० रुपये गेलेले होते आणि पदवीला काही महिने उरले आहेत असे मला सांगण्यात येत होते. या परिस्थितीत माणूस गाईडवर विश्वास ठेवतो; संशोधनाची सारी व्यवस्थाच त्या विश्वासावर उभी आहे, आणि त्याचाच या लोकांनी धंदा केला.

म्हणून बाहेरून विश्लेषण करून घेत असाल तर नुसते आकडे कधीही स्वीकारू नका. प्रत्येक नमुन्याचा मूळ क्रोमॅटोग्राम (यंत्रातून निघालेला आलेख), त्यावरची तारीख-वेळ आणि कॅलिब्रेशनचा आलेख मागा. मी मागितला तेव्हा ‘सर्व्हर बंद आहे’ असे उत्तर आले.

पुढचे थोडक्यात सांगते. दोन शोधनिबंधांचे ४५,००० प्रमाणे ९०,००० रुपये गेले. त्यातले एक नियतकालिक खऱ्या नियतकालिकाच्या नावाने काढलेले बनावट संकेतस्थळ निघाले. डिसेंबर २०२४ मध्ये सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) आणि परीक्षकांचे मानधन म्हणून ४२,००० रुपये रोख घेतले, पावती दिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातील तीन खासगी विद्यापीठांना पीएच.डी.चे नियम न पाळल्याबद्दल पाच वर्षे नवे प्रवेश देण्यास मनाई केली. माझे विद्यापीठ त्यांतले नव्हते. पण ती बातमी वाचून मी थेट कुलसचिव कार्यालयाला लिहिले. या नावाचा संशोधक आमच्याकडे नोंदलेला नाही आणि सदर संस्थेशी आमचा संबंध नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले.

त्यानंतर जे झाले ते फसवणुकीपेक्षा अधिक संतापजनक आहे. माझ्या गावच्या पोलीस ठाण्यात सांगितले गेले की संस्था पुण्यात आहे, तिथे जा. पुण्यात सांगितले की विद्यापीठ दुसऱ्या राज्यात आहे, तिथे जा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे, हे मी छापील कागद पुढे ठेवून दाखवले. त्यावर काही व्यवहार नवे फौजदारी कायदे लागू झाले त्या १ जुलै २०२४ पूर्वीचे आणि काही नंतरचे असल्यामुळे जुन्या भारतीय दंड संहितेचे फसवणुकीचे कलम ४२० लावायचे की नव्या भारतीय न्याय संहितेचे ३१८, याचीच चर्चा दोन अधिकाऱ्यांत माझ्यादेखत रंगली आणि शेवटी दोन्हींपैकी काहीच लावले गेले नाही. ‘पैसे तुम्ही खुशीने दिलेत, हा दिवाणी मामला आहे,’ असे म्हणून अर्जावर फक्त पोच दिली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तर व्यवहार जुने असल्यामुळे रक्कम गोठवता येणार नाही असे कळले. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि संशय आला असेल तर त्याच तासाला हा क्रमांक फिरवा. यूजीसीकडून विद्यापीठाशी संपर्क साधण्याचा सल्ला आला, विद्यापीठाने पोलिसांकडे बोट दाखवले, आणि त्या राज्याच्या उच्च शिक्षण विभागाकडून उत्तरच नाही. या सगळ्यांच्या मते गुन्हा दुसऱ्याच्या दारात घडलेला आहे. नियमावली करणाऱ्यांना ती मोडणाऱ्यांचे पत्ते मी हातात दिले होते, बँकेच्या उताऱ्यांसह. याहून अधिक एका शिक्षिकेने काय करायचे?

नव्याने या वाटेला लागणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या विषयात पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला पैसे मिळतात. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि पुढे एसआरएफ या वरच्या टप्प्याची ४२,००० रुपये आहे. अर्धवेळ करणाऱ्याला शुल्क द्यावे लागते, पण ते विद्यापीठाच्या खात्यात आणि विद्यापीठाच्या पावतीवर. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे स्वतः उभे राहावे लागते; ज्या ठिकाणी कोणी तुम्हाला बोलावतच नाही, तिथे तुमची नोंद नाही असे समजा. गाईडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आहेत का ते पाहा. माझ्या गाईडच्या नावावर तिथे एकही प्रबंध नव्हता, आणि हे पाहायला पैसे लागत नाहीत.

पोलिसांनी दाद दिली नाही म्हणून मी जिल्हा ग्राहक आयोगात सल्लागार संस्थेविरुद्ध तक्रार दाखल केली आहे; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. मात्र मुदत दोन वर्षांचीच असते, आणि जानेवारी २०२३ चे माझे ३५,००० रुपये त्या मुदतीत बसत नाहीत असा समोरच्या वकिलांचा पहिला आक्षेप आहे. फसवणूक जानेवारी २०२५ मध्ये उघड झाली, तेव्हापासून मुदत मोजावी, असे आमचे म्हणणे आहे. ज्यांनी याच पद्धतीने पुण्यातल्या संस्थेला पैसे दिले आहेत, त्यांनी पावत्या, बँकेचे उतारे आणि संदेशांच्या प्रती आजच काढून ठेवाव्यात आणि मुदत संपण्याआधी आपापल्या जिल्ह्यात तक्रार द्यावी. ती संस्था नाव बदलून पुन्हा प्रवेश देत आहे.