ट्रेड मशीन: पगार जुळतो, संघ जुळतो का?

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, संघात कोणाला देऊन कोणाला आणावं, याचा हिशेब मांडून बघायला नेटवर फुकट ट्रेड मशीनं, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचे कॅल्क्युलेटर, मिळतात. ईएसपीएनचं त्यातलं बहुतेकांच्या ओळखीचं. संघ निवडायचे, खेळाडू इकडचे तिकडे टाकायचे, बटण दाबायचं. पगार बसले तर ट्रेड मंजूर. रत्नागिरी-चिपळूणकडे बास्केटबॉल रात्री जागून बघणाऱ्यांनी ही सेवा जरूर वापरावी. पण तिचा निकाल कुठवर धरायचा, हे आधी पक्कं करून घ्यावं.

मशीन शिकायला सर्वांत चांगलं उदाहरण फेब्रुवारी २०२५ च्या डॉन्सिच ट्रेडचं. त्यात डॅलसचा लुका डॉन्सिच लेकर्सकडे आला आणि लेकर्सचा अँथनी डेव्हिस डॅलसकडे गेला. आकडे त्याच हंगामाचे घ्यायचे. संघाच्या एकूण पगारावर एप्रन नावाच्या दोन रेषा असतात; लेकर्स पहिल्या, म्हणजे खालच्या एप्रनच्या वर होते. अशा संघाला दिल्यापेक्षा जास्त पगार घेता येत नाही. डॉन्सिच ४.३० कोटी डॉलर आणि त्याच्यासोबत येणारा क्लेबर १.१० कोटी, म्हणजे येणारे ५.४० कोटी. जाणारा डेव्हिस ४.३२ कोटी, क्रिस्टी ७१ लाख. बेरीज ५.०४ कोटीच्या आत. जवळपास ३७ लाख कमी पडतात, ट्रेड नामंजूर. आता लेकर्सच्याच हूड-शिफिनोचे ३९ लाख जाणाऱ्या बाजूला टाका. दोन लाखांच्या फरकाने गाडी सुटते! त्याला युटा या तिसऱ्या संघाने घेतलं आणि त्याबद्दल दुसऱ्या फेरीचे दोन पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, मिळवले. डॅलसचा मॉरिसही लेकर्सकडे आला, पण तो मिनिमम, म्हणजे किमान पगाराच्या, कराराचा असल्याने या बेरजेत धरायचा नाही. तिसरा संघ कशाला लागतो, हे वाचून जेवढं कळत नाही तेवढं हा एक खेळाडू काढून-घालून बघितल्यावर कळतं. मशीनची खरी किंमत इथे आहे.

मात्र डेव्हिसने ट्रेडवर मिळणारा सुमारे ५९ लाखांचा बोनस सोडून दिला होता. सोडला नसता तर तो डॅलसच्या पगारखात्यावर चढला असता, आणि डॅलसला पहिल्या एप्रनची हार्ड कॅप, म्हणजे ओलांडताच न येणारी मर्यादा, लागू होती. असला बोनस हिशेबात हाताने धरावा लागतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी कॅप, म्हणजे पगाराची मूळ मर्यादा, १५.४६ कोटी, पहिला एप्रन १९.५९ कोटी, दुसरा २०.७८ कोटी डॉलर होता. दुसऱ्याच्या वर असलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, रोख रक्कमही देता येत नाही. आवडता संघ या रेषेवर असेल तर मशीन उघडण्याआधी कागदावर एवढं लिहून ठेवा. उन्हाळ्यात नव्याने करार केलेला खेळाडू साधारण १५ डिसेंबरपर्यंत हलत नाही, काहींना १५ जानेवारी उजाडते. पहिल्या फेरीचे लागोपाठ दोन वर्षांचे पिक देऊन टाकता येत नाहीत, आणि संघात १५ च जागा. प्रत्येक मशीन हे सगळं तपासेलच यावर विसंबू नये.

आणि मंजुरी म्हणजे संघ सुधारला असं नव्हे. मिरकरवाड्याला लिलावात भाव ठरला तरी घेणारा माशाचे कल्ले उघडून बघतोच. डेव्हिस गेल्यावर लेकर्सना चांगला सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, हवा होता. त्यांनी शार्लटकडून मार्क विल्यम्स आणला, बदल्यात आपल्या क्नेक्टसोबत २०३१ चा पहिल्या फेरीचा पिकही लावला. पगार चोख जुळले होते. वैद्यकीय तपासणीत तो ट्रेड अडला आणि रद्द झाला. म्हणून मंजुरीनंतर आमचे प्रश्न ठरलेले: रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फेकीचा चेंडू, कोण घेणार, चेंडू कोण आणणार, आलेल्याचा करार किती वर्षांचा, आणि गेल्या दोन हंगामांत तो किती सामने खेळला. याची उत्तरं मशीनमध्ये नाहीत.

वापरायची सोय ठीक आहे. तीन संघांचा ट्रेड मोबाईलच्या पडद्यावर मांडताना नावं चुकतात, लॅपटॉप घ्या. फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंशी बोलणी करायची मुदत, आपल्याकडे १ जुलैला पहाटे साडेतीनला उघडते, भर पावसात; वीज जाण्याआधी मांडलेल्या ट्रेडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. फेब्रुवारीतली ट्रेडची मुदत रात्री दीडला संपते.

पगाराच्या हिशेबासाठी पाचपैकी चार. खेळाडू पारखायला एकही नाही.