डीव्हीडी प्लस आरडब्ल्यूवर थेट फायली: केळीच्या हिशेबातला अनुभव

गेल्या हंगामापासून सावद्याच्या एका केळी ग्रुपच्या हिशेबाचा रोजचा बॅकअप मी डेबियन या लिनक्स प्रणालीवरून डीव्हीडी प्लस आरडब्ल्यूवर, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर, घेतोय. बर्न, म्हणजे सगळा माल गोळा करून एकदम डिस्कवर लिहिणं, वगैरे काही नाही. डिस्क माउंट करायची, म्हणजे प्रणालीला जोडायची, आणि पेन ड्राइव्हवर टाकतो तशा फायली टाकायच्या. ‘आते कोन वापरस डीव्हीडी, भाऊ?’ हे जळगावच्या बाजारात ऐकून झालंय. पण कपाटातल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोचत नाही, आणि जुना रायटर नुसता पडून होता.

घेताना डब्यावर ‘प्लस’ बघून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. प्लसवर २ केबीचे सुटे तुकडेही लिहिता येतात. डिस्कवर एका वेळी ३२ केबीचा पूर्ण ब्लॉक लिहावा लागतो, तो जुळवायचं काम ड्राइव्ह स्वतः करतो. मायनस आरडब्ल्यू या दुसऱ्या जातीच्या डीव्हीडीसाठी आणि सीडी-आरडब्ल्यूसाठी मात्र मध्ये पीकेटीसीडीव्हीडी हे कर्नल मोड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा जोडभाग, बसवावं लागतं. सीडी करून पाहिली. सीडीआरडब्ल्यूटूल या कमांडने फॉरमॅट व्हायला भरपूर वेळ, शिवाय अशा ३२ तुकड्यांच्या प्रत्येक पॅकेटमागे ७ तुकडे जोडणीत जातात. ७०० एमबीतले जेमतेम पावणेसहाशे उरतात. एवढी उठाठेव कशाला!

प्लसचं सोपं आहे. नवी डिस्क आधी डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-फॉरमॅट या कमांडने तयार करायची, मग यूडीएफटूल्स या पॅकेजमधल्या एमकेयूडीएफएफएस कमांडने यूडीएफ, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत, घालायचं. आवृत्ती २.०१ च राहू द्या; लिनक्स पुढच्या आवृत्त्या वाचतं, लिहीत नाही. डिस्कवरचा सगळ्यात वरचा फोल्डर रूटच्या (प्रशासकाच्या) मालकीचा निघाला तर एकदाच आपल्या नावावर करून घ्या, मग रोज सुडो, म्हणजे प्रशासकाची परवानगी, लागत नाही. माउंट करताना नोएटाइम हा पर्याय द्याच. नाहीतर नुसती फाइल वाचली तरी वेळेची नोंद डिस्कवर लिहिली जाऊ शकते, आणि एक जागा साधारण १००० वेळाच पुसून लिहिता येते.

वेगाचं विचारू नका. ४एक्स म्हणजे सेकंदाला साडेपाच एमबी, तेही एकच मोठी फाइल असेल तर. बिलांच्या शेकडो छोट्या पीडीएफ टाकल्या की ड्राइव्हचं हेड इकडून तिकडे पळत बसतं आणि तोवर शेठ दोनदा डोकावून जातात. म्हणून सगळ्याचा एकच टार, म्हणजे एकत्र बांधलेली एक फाइल, करतो. कॉपी ‘झाली’ असं दिसतं तेव्हाही बराच माल मेमरीतच असतो. अनमाउंट पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही.

खरी अडचण लाइटची. यूडीएफला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायची नोंदवही, नाही. एकदा लिहितानाच लाइट गेली, त्या दिवसाची फाइल अर्धवट राहिली आणि एक फोल्डर उघडेना. माझ्याकडच्या यूडीएफटूल्समध्ये दुरुस्तीची एफएससीके कमांड नाही, त्यामुळे वाचता आलं ते उचललं आणि डिस्क पुन्हा फॉरमॅट केली. आता दोन डिस्का आलटूनपालटून वापरतो, म्हणजे कालचा तरी बॅकअप शाबूत. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे डिस्क पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत नाही.

तुमचा ड्राइव्ह डीव्हीडी-रॅम ही पुन्हा लिहिता येणारी तिसरी जात लिहीत असेल आणि ती मिळाली, तर प्लसच्या नादी लागू नका. तिच्यावर लाखभर वेळा लिहिता येतं आणि खराब जागाही आपोआप टाळल्या जातात. मला ती जळगावात मिळाली नाही, भुसावळलाही नाही.