एकच जाड जॅकेट की पातळ कपड्यांचे थर?

मुलांसाठी थंडीची खरेदी करताना नजर आधी जाडजूड जॅकेटवर जाते. आमच्या मते पैसे आधी आतल्या कपड्यांवर घालावेत. ऊब टिकते ती कापडात आणि दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. त्यामुळे थर सैलसर हवेत. घट्ट बसले तर हवेला जागाच उरत नाही. खेळून मूल तापलं की एक थर उतरवता येतो. जाड जॅकेट मात्र घातलं तर घाम, काढलं तर गारठा. बाबागाडीत निजलेल्या मुलासाठी ते चांगलं, कारण हालचाल नसल्याने अंगात ऊब कमी तयार होते.

खरा फरक पडतो तो अंगालगतच्या कपड्याने. सुती बनियन घाम शोषून ओलंच राहतं आणि अंगातली उष्णता ओढून घेतं. धावणाऱ्या मुलाला मेरिनो (मऊ, बारीक धाग्याची) लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल घाला. लोकर दमट झाली तरी ऊब देते, पण गरम पाण्यात धुतली तर आटते. पॉलिस्टर झटपट वाळतं, वास मात्र धरतं. घाम न येणाऱ्या तान्ह्याला किंवा इसब असलेल्या मुलाला मऊ सुतीच बरं. खरबरीत लोकर टोचते.

मधल्या थराला फ्लीस (पॉलिस्टरचं मऊ, लवदार कापड) किंवा स्वेटर, दोन्ही चालतात. दोन्हीतून वारा आरपार जातो, म्हणून वर वारा अडवणारं पातळ जॅकेट लागतंच.

बोटांच्या हातमोज्यांपेक्षा अंगठा वेगळा असलेले मोजे उबदार, कारण चार बोटं एकमेकांना ऊब देतात. पायांत मोज्यांचे दोन जोड कोंबू नका. बूट आवळला की रक्ताभिसरण मंदावतं आणि पाय उलट गार पडतात. मफलर कुठेतरी अडकून गळा आवळू शकतो, त्याऐवजी डोक्यातून घालायची गळपट्टी घ्या.

कारच्या बालआसनात जाड जॅकेट नकोच. धडकेत ते दबतं आणि पट्टे सैल पडतात. आधी पट्टे आवळा, मग वरून पांघरूण घाला.

वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना टोपी काढा, सुटं पांघरूण टाळा, मापाची झोपपिशवी (अंगात घालायचं पिशवीसारखं पांघरूण) वापरा.

हात-पाय गार लागले म्हणून थर वाढवू नका, मानेमागे हात लावून पाहा. घामट लागली तर एक थर कमी, गार लागली तर एक जास्त. छाती-पोटही गार आणि बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, तर कपड्यांचा विचार सोडून लगेच डॉक्टरांकडे न्या.