जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतायत? आधी हे वाचा

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून गाडी गॅरेजला दिली, त्याने स्कॅनर लावला, पी०४२० कोड (म्हणजे कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्ट पाइपमधला डबा, नीट काम करत नाहीये) आला आणि लगेच निकाल, "साहेब कन्व्हर्टर गेला, गाडी जुनी झाली की जातोच." नवीन बसवला, भलंमोठं बिल घेतलं, दिवा विझला. काही महिन्यांत परत तोच दिवा, तोच कोड आणि चढावर गाडी ओढेचना.

दुसऱ्या मेकॅनिकने कन्व्हर्टर उतरवून टॉर्च मारून दाखवलं, आत सिरॅमिकची बारीक जाळी असते ना, ती एका बाजूने वितळून पार गोळा झालेली, धूर जायला वाटच नाही. कारण काय तर एका सिलेंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) खराब, त्यामुळे तो सिलेंडर मिस मारत होता, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नव्हतं, न जळलेलं पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळायचं आणि मग आतलं तापमान १००० डिग्रीच्या वर जातं. राग याचा येतो की पहिल्या गॅरेजच्याच स्कॅनच्या प्रिंटवर पी०३०२ पण छापलाय, म्हणजे दुसऱ्या सिलेंडरचा मिसफायर! त्याला माहीत होतं, कॉइल बदलून त्याला मिळणार किती, म्हणून गप्प बसला.

वर जुना कन्व्हर्टर मागितला तर "भंगार होतं, टाकून दिलं". अहो त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारवाले त्याला चांगले पैसे मोजतात, कोण टाकून देतं? आणि स्वस्तातल्या नवीन कन्व्हर्टरमध्ये हे धातू बरेचदा कमी असतात. सरळसरळ चुना लावला.

कन्व्हर्टर नुसत्या वयाने सहसा मरत नाही, इंजिन त्याला मारतं. जुन्या इंजिनात रिंगा, व्हॉल्व्ह सील झिजले की ऑइल जळतं, त्यातलं फॉस्फरस आणि झिंक जाळीवर थर धरतं. हेड गॅस्केटमधून कूलंट गळलं तरी तेच. आणि एक्झॉस्ट पाइप कुठे लीक असेल किंवा कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर (त्याचं काम तपासणारा) खराब असेल तर कन्व्हर्टर धडधाकट असूनही पी०४२० येऊ शकतो. म्हणून सगळे कोड लेखी घ्या, मिसफायर, ऑइल, लीक तपासून घ्या, बॅकप्रेशर (धूर अडला की एक्झॉस्टमध्ये वाढणारा दाब) मोजायला सांगा आणि बदलायचाच झाला तर जुना पार्ट परत मिळेल हे काम द्यायच्या आधीच बिलावर लिहून घ्या. टाळाटाळ केली तर गाडी तिथून काढा.

आणि हो, दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर जोरात मिसफायर चालू आहे, एक्सलेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, तशीच दामटली तर चांगला कन्व्हर्टरही थोड्या वेळात जळतो.